किती ताणावे?

नवरात्र सरले की माळ्यावरून बांबूच्या कामट्या खाली काढायच्या, हा आमच्या घरातला जुना नेम आहे. आकाशकंदील विकत आणण्याची रीत आमच्याकडे नाही. चित्रकलेच्या मास्तराने बाजारातला कंदील दारात टांगणे म्हणजे सोनाराच्या बायकोने पितळेचे दागिने मिरवण्यासारखे आहे, असे माझी पत्नी म्हणते. त्यामुळे यंदा मी श्रावणातच बांबू चिरायला बसलेला पाहून तिला कौतुक वाटले.

“अहो, यंदा एवढ्या लवकर?”

“कंदिलासाठी नाही हे,” मी म्हणालो. “धनुष्य करायचं आहे.”

हातातली ताटली तिने ओट्यावर ठेवली आणि अगदी साधेपणाने विचारले, “कुणाला मारायचंय?”

मी हसलो. कुणालाच मारायचे नाही. कडब्याच्या चार पेंढ्या आवळून परसात उभ्या करायच्या आणि त्यांच्यावर नेम धरायचा, एवढेच, असे तिला सांगितले. तिचे समाधान झाले. माझे मात्र झाले नाही. पुढच्या दोन महिन्यांत मला कळले, की धनुष्य वापरणाऱ्याने ‘कुणाला मारायचे’ हा प्रश्न विचारावा हे खरे. पण धनुष्य घडवणाऱ्यासमोर दुसराच प्रश्न असतो. ज्याला आपण वाकवणार, त्याला किती वाकवावे? वरवर पाहता हा सुतारकामातला प्रश्न आहे. पण तो मला सुतारकामाच्या बाहेर, आमच्याच घराच्या जिन्यावरून वरच्या खोलीपर्यंत घेऊन गेला.

हा नाद मला कुठून लागला, ते आधी सांगतो. माझे बालपण नांदेडचे. आजोबा मला कधीकधी सचखंड गुरुद्वाऱ्यात नेत. गुरू गोविंदसिंग १७०८ साली गोदावरीच्या काठी, इथेच निवर्तले. त्यांची म्हणून जपलेली शस्त्रे तेथे भाविकांना दाखवली जातात. त्यांत धनुष्यबाणही आहेत. बरोबरीच्या मुलांचे डोळे तलवारींवर खिळत, माझे धनुष्याकडे जात. घरी परतताना आजोबांनी एकदा सांगितले, की जुनी शिंगाची धनुष्ये दोरी उतरवली की सरळ होऊन थांबत नसत, उलट्या बाजूला वळत. म्हणजे दोरी चढवायची तर आधी त्यांना त्यांच्या स्वभावाविरुद्ध वाकवावे लागे. हे ऐकून मी इतका चकित झालो, की त्या रात्री माझ्या स्वप्नात धनुष्य आले आणि ते माझ्याकडे पाठ करून बसले होते.

विष्णूच्या धनुष्याचे नाव शार्ङ्ग. शृंग म्हणजे शिंग, त्यावरून शार्ङ्ग. आपण ‘शार्ङ्गपाणी’ म्हणून हात जोडतो. पण त्या नावात एका कारागिरीची आठवण दडलेली आहे, हे ध्यानात येत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धनुष्यांचे प्रकार त्यांच्या साहित्यावरून दिले आहेत: ताडाचे, बांबूचे, लाकडाचे आणि शिंगाचे किंवा हाडाचे. दोऱ्यांचीही यादी आहे, तीत रुई आहे, ताग आहे, बांबू आहे. यातल्या बऱ्याच वस्तू मराठवाड्यातल्या बांधावर आजही सापडतील.

मी योजले ते धनुष्य मात्र आजच्या घडणीचे. इंग्रजीत त्याला टेकडाउन रिकर्व्ह म्हणतात. रिकर्व्ह म्हणजे टोके पुढे वळलेले. दोरी ओढत जावी तशी ही वळलेली टोके उलगडत जातात आणि कमी लांबीच्या धनुष्यात अधिक जोर साठतो. टेकडाउन म्हणजे सुटे होणारे: मधली मूठ वेगळी, वरची आणि खालची भुजा वेगळी, बोल्ट फिरवले की तिन्ही तुकडे पिशवीत मावतात. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये धनुर्विद्या पन्नासएक वर्षांनी परतली. आज तेथे सत्तर मीटरांवरून १२२ सेंटिमीटर व्यासाच्या लक्ष्यावर बाण सोडणारे खेळाडू याच जातीचे धनुष्य वापरतात. माझे परस सत्तर फुटांचेही नाही, हा भाग वेगळा.

मी पुठ्ठ्यावर पूर्ण मापाचा आराखडा काढून भिंतीवर लावला. एकूण लांबी ६६ इंच. मूठ शिसवीची, कारण ती जड असली म्हणजे हात हलत नाही. भुजांसाठी बांबूच्या पातळ पट्ट्या, साच्यावर एकावर एक चिकटवायच्या आणि सुकेपर्यंत सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी करकचून बांधायच्या. बांबूची साल नेहमी धनुष्यधाऱ्यापासून दूरच्या अंगाला हवी. तेथे ताण पडतो, आणि बांबूचे सर्वांत दाट, चिवट धागे सालीलगतच असतात. आतल्या अंगावर दाब पडतो. तिकडे तो हळवा असतो.

हिशेब मांडताना एका नियमाने मला घाम फोडला. भुजेची रुंदी दुप्पट केली तर तिचा ताठपणा दुप्पट होतो. पण जाडी दुप्पट केली तर आठपट. उलट, जाडी दहा टक्क्यांनी कमी झाली की ताठपणा सुमारे सत्तावीस टक्क्यांनी उतरतो. रंध्याचे दोनचार हात जास्त पडले की झाले! म्हणून धनुष्य करणारे घाई करीत नाहीत. भिंतीला खुंटी ठोकून तिच्यावर धनुष्य आडवे टांगतात, दोरीला लटकता काटा अडकवून खालून हळूहळू ओढतात आणि दूर उभे राहून दोन्ही भुजा सारख्या वाकतात का ते पाहतात. जी ताठ राहील ती किंचित तासायची, पुन्हा ओढायचे, एखादाच इंच पुढे. या कामाचा पहिला नियम असा, की अखेर जेवढे वजन हवे त्याहून अधिक जोर मधल्या कोणत्याही पायरीवर लावायचा नाही. लाकूड तेवढ्याने मोडेलच असे नाही. पण ते ती ओढ विसरत नाही. दोरी उतरवली तरी त्यात थोडा बाक उरतो, आणि जेवढा बाक उरला तेवढा जोर कायमचा गेला.

हे सारे मी वाचून पाठ केले होते. आता वरच्या खोलीकडे वळतो.

मी मॅट्रिकपुढे शिकलो नाही. चित्रकला शिकलो, शाळेत लागलो, रात्री जागून कादंबऱ्या लिहिल्या. नोकरीमुळे लातूरला स्थायिक झालो. लातूरला घराला वरची खोली असली की तिच्यात विद्यार्थी असायचाच. ‘लातूर पॅटर्न’ हे नाव महाराष्ट्रात कुणाला ठाऊक नाही? एकेकाळी बोर्डाच्या गुणवत्ता यादीसाठी ते गाजले, आता वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून मुले येथे येतात. या शहराने कितीतरी गरीब घरांतून डॉक्टर उभे केले आहेत. त्याची टवाळी मी करणार नाही.

आमच्याकडचा मुलगा किनवट तालुक्यातला. पहिल्या खेपेला गुण कमी पडले म्हणून तो पुन्हा परीक्षेला बसणार होता. त्याचे वडील दर रविवारी मला फोन करीत, आणि फोन ठेवताना त्यांचे एक वाक्य ठरलेले असे: “सर, लेकराला जरा ताणून धरा. ढिलं सोडू नका.” मी धनुष्याच्या नादात आहे हे मुलाकडून कळल्यावर हेच गृहस्थ हिवाळ्यात तोडून सावलीत वाळवलेले दोन बांबू बसच्या टपावर बांधून घेऊन आले. स्वतःच्या बांधावरच्या बेटातले. पैसे विचारले तर त्यांनी हातच जोडले.

अशा माणसाचा शब्द कसा मोडावा? मी पोराला ताणून धरू लागलो. पहाटे पाचला वरच्या खोलीत दिवा दिसला नाही की जिन्यावरून दार वाजवू लागलो. पोळ्याला घरी जाऊ का, असे त्याने विचारले. पोळा म्हणजे आमच्याकडे शेतकऱ्याच्या पोराची अर्धी दिवाळी. त्याच्या घरी एकच बैलजोडी, आणि तिची शिंगे रंगवण्याचा मान लहानपणापासून त्याचा. वडिलांनी निर्णय माझ्यावर सोपवला. मी म्हणालो, “यंदा नको. चार दिवस मोडतात.” मुलगा “बरं सर” म्हणाला आणि वर गेला. संध्याकाळी मी शाळेतून चार रंग आणून त्याला देऊ केले, मातीच्या बैलांची शिंगे रंगव म्हणून. त्याने ते घेतले नाहीत. मला त्याचा थोडा रागच आला.

पोळ्यानंतरच्या रविवारी मी आराखड्यातल्या धनुष्याला हात घालण्यापूर्वी सरावासाठी एका अखंड बांबूच्या पट्टीचे साधे धनुष्य तोलायला घेतले. मुलगा मदतीला खाली आला. काट्यावरचे आकडे वाचण्याचे काम त्याचे. पट्टी पातळ होती. दोरी बावीस इंचांपर्यंतच ओढायची, हे मी आदल्या दिवशीच ठरवून त्याच्याकडून पाटीवर लिहून घेतले होते. दहा इंच, बारा, पंधरा. तास, पुन्हा ओढ. दुपारी दोनच्या सुमारास बावीस इंच आले. दोन्ही भुजा अशा सारख्या वाकल्या होत्या, की कंपासने काढाव्यात. मला हर्ष झाला. आणि त्या हर्षात मी आणखी ओढले. तेवीस. चोवीस. पंचवीस.

आवाज फार झाला नाही. वाळकी शेंग फुटावी तेवढाच. धनुष्य मोडले नाही. मी दोरी उतरवली, तर खालची भुजा सरळ झाली नाही. आतल्या अंगाला बारीक सुरकुती पडली होती आणि टोक दोन इंच वाकलेलेच राहिले. रात्रभर सपाट फळीवर ठेवले, सकाळीही तसेच.

मुलगा म्हणाला, “सर, तुम्ही तर बावीसच म्हणले होते ना?”

त्याच्या स्वरात टोमणा नव्हता. त्याने केवळ पाटीवरचा आकडा वाचून दाखवला होता. पण मला एकदम जिना दिसला, पहाटेचे पाच दिसले आणि न घेतलेले रंग दिसले. या मुलाला किती ताणायचे, हे मी कोणत्या पाटीवर लिहिले होते? एका बांबूच्या पट्टीसाठी मी रात्र जागून आकडा ठरवला होता. मुलासाठी आकडाच नव्हता. तो “बरं सर” म्हणतो आहे तोवर ओढायचे, एवढाच आमचा हिशेब. आणि आमच्या शाळांतून, क्लासांतून, चांगल्या घरांतूनही तोच चालतो. सोसतो आहे ना? मग अजून थोडे. पण सोसवत नाही हे कळते ते सुरकुती पडल्यावर, आणि मोडले नाही म्हणून आपण समाधानाने म्हणतो, पाहा, केवढा घट्ट निघाला!

सीतास्वयंवर आपण सर्वांनी पाहिले आहे. आमच्या शाळेत तर दर दोन वर्षांनी होते आणि शिवधनुष्य मीच करतो. राम दोरी चढवून ओढतो, धनुष्य मध्यभागी मोडते, पालक टाळ्या वाजवतात. इतकी वर्षे मीही वाजवल्या. परवा मनात आले, ते धनुष्य ज्याने घडवले असेल त्याला काय वाटले असेल? देवाच्या हातून मोडले हे खरे. पण ओढून मोडणे हेच बळाचे प्रमाण, ही समजूत आपण त्या टाळ्यांबरोबर मुलांच्या मनात घालत असतो.

येथे कुणी म्हणेल, मग ताणूच नये काय? दोरी न चढवलेले धनुष्य म्हणजे नुसती काठी. हे मला मान्य आहे. ज्या मुलाकडून कधी कुणी काही मागितलेच नाही, त्याच्यावरही अन्यायच झाला. आमच्या खेड्यांतून असे अन्याय कमी नाहीत. ताण हा दोष नव्हे. बाण जातो तो ताणानेच. प्रश्न असा, की ताणणाऱ्याने स्वतःला कशाने बांधून घेतले आहे? आराखडा लाकडासाठी काढतात अशी माझी समजूत होती. तो लाकडासाठी नाही. लाकडाला आराखडा वाचता येत नाही. तो करणाऱ्याने आपल्या हर्षाच्या क्षणाविरुद्ध आधीच लिहून ठेवलेला करार आहे: यश समोर दिसेल, हात शिवशिवतील, तेव्हाही मी एवढ्यावरच थांबेन.

नांदेडची आणखी एक गोष्ट या दिवसांत मला वारंवार आठवली. गोदाकाठी माधवदास नावाचा बैरागी राहत होता. गुरू गोविंदसिंगांनी त्याला आपला केले. तोच पुढे बंदासिंग बहादूर म्हणून पंजाबात लढला. त्याला पाठवताना गुरूंनी आपल्या भात्यातले पाच बाण दिले आणि सल्ल्यासाठी पाच शीख बरोबर दिले, असे परंपरा सांगते. लहानपणी मला वाटे, एवढे मोठे काम आणि बाण पाचच? आता वाटते, देणाऱ्याने बळ दिले ते मोजून, आणि त्या बळाबरोबर थांबवणारी माणसेही दिली.

धनुर्विद्येत दुसराही एक नियम आहे. बाण न लावता ओढलेली दोरी कधी सोडू नये. बाण असला तर साठलेला जोर त्याच्याबरोबर निघून जातो. नसला तर तो सारा परत भुजांत घुसतो आणि चांगले धनुष्य जागच्या जागी फुटते. मुलांच्या बाबतीत आपण कितीदा नुसती दोरीच ओढतो! कशासाठी, हे त्याला ठाऊक नसते. तुला डॉक्टर व्हायचे आहे का, हे त्याला कुणी विचारलेले नसते.

मीही विचारले नव्हते. त्या रात्री जेवताना विचारले. तो बराच वेळ भाकरीचा तुकडा मोडत बसला. मग म्हणाला, “व्हायचंय सर. खरंच व्हायचंय. पण पाचला उठून काही डोक्यात शिरत नाही. मी रात्री वाचतो, ते तुम्हाला दिसत नाही.”

माझा आराखडाही याच जागी चुकला होता, हे त्याच सुमारास ध्यानात आले. धनुष्याचे वजन सर्वत्र अठ्ठावीस इंचांच्या ओढीवर सांगतात, म्हणून मी बिनदिक्कत अठ्ठावीस लिहिले होते. खरी रीत वेगळी आहे. दोन्ही हात पसरून मधल्या बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत माप घ्यायचे आणि त्याला अडीचने भागायचे. तीच त्या माणसाची ओढ. मुलाचे माप ६५ इंच भरले, म्हणजे ओढ सव्वीस. अठ्ठावीस इंचांवर पंचवीस पौंडांचे धनुष्य सव्वीस इंचांवर साधारण एकवीस पौंडच देते. त्यात कमीपणा काही नाही. ते त्याच्या हातांचे माप आहे. बाप आपल्या हातांनी माप घेतो, मास्तर पुस्तकातल्या हातांनी घेतो. धनुष्य मात्र तिसऱ्याच्याच हाती जायचे असते. लाकूड आणि मूल यांत एक मोठा फरकही आहे. लाकडाची मर्यादा मी एकट्याने ठरवली तरी चालते, कारण ते बोलत नाही. मूल बोलते, म्हणून त्याच्या वेळी पाटी त्याच्याही हातात हवी.

फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव मजुराच्या घरातून येऊन २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये रिकर्व्ह धनुष्य घेऊन उभा राहिला. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकाने त्याला आधी मैदानी खेळांत आणले होते. धनुष्य त्याच्या हाती आले ते पुढे क्रीडा प्रबोधिनीत. पोराला धावण्यातच ताणत बसण्याचा हट्ट कुणी धरला असता, तर त्याचे खरे माप कुणाला कळलेच नसते.

पुढच्या रविवारी मी वडिलांना फोनवर सारे सांगितले. पहाटेचे उठवणे बंद केले आहे, दिवाळीला त्याला चार दिवस पाठवतो आहे, आणि पोळ्याला अडवले ती माझी चूक झाली. पलीकडे बराच वेळ कुणी बोलले नाही. मग ते म्हणाले, “सर, एकच लेकरू हाय आन तीन एकर कोरडवाहू. तुम्हीच सांगा, दुसरं कशाला ताणू?”

याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते, आजही नाही. तीन एकरांच्या माणसाला मर्यादेची शिकवण देणे पगारी मास्तराला सोपे असते. मी एवढेच म्हणालो, की ताणू आपण. पण किती, ते त्याच्यासमोर बसून ठरवू. दिवाळीत मी किनवटला येतो. ते म्हणाले, “या. बांबू अजून लई हाय.”

आराखडा भिंतीवर आहे. अजून साचाही केलेला नाही. अठ्ठावीस खोडून तेथे सव्वीस लिहिले आहे, ते मुलाच्या अक्षरात. वाकलेल्या धनुष्याची पट्टी मी फेकली नाही. चिरून तिच्या कामट्या केल्या. यंदाचा कंदील त्यांचाच आहे. एक बाजू किंचित वाकडी दिसते, असे पत्नी म्हणते, आणि ते खरे आहे.